नावेचे नाव

किपलिंग शिकवणे आपल्याकडच्या इंग्रजीच्या मास्तराला नेहमीच थोडे अवघड जाते. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेला हा लेखक आपला म्हणावा तर त्याचा साम्राज्याभिमान आड येतो, आणि परका म्हणावा तर त्याच्या वाक्यांना आपल्याच रस्त्यांचा वास येतो. त्यामुळे वर्गात आधी त्याच्याबद्दल पाच मिनिटे दिलगिरी व्यक्त करायची, मग कविता घ्यायची, आणि शेवटी 'तरीही' या शब्दाने सुरू होणारे एखादे वाक्य टाकून तास संपवायचा, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवीत असे, तेथे पदवीच्या शेवटच्या वर्षाला पहिल्या महायुद्धाची कविता होती. ओवेन आणि ससून हे अर्थातच मुख्य. त्यांच्या चिखलाने आणि रक्ताने भरलेल्या ओळींनंतर मी मुद्दाम किपलिंगची एक लहानशी कविता वाचून दाखवीत असे, 'माइन स्वीपर्स'. अभ्यासक्रमात ती नव्हती. मला आवडत असे, एवढेच कारण.

ही कविता १९१५ सालची. त्या वर्षी किपलिंगने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील गस्तीच्या नौकांबद्दल काही वृत्तपत्रीय लेख लिहिले; ते 'द फ्रिंजेस ऑफ द फ्लीट' या नावाने पुस्तिकारूपाने निघाले आणि त्यातलीच ही कविता. तीन कडवी. पहिल्यात पहाट, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात तिन्हीसांज. पहाटे बातमी येते की बंदराच्या वाटेवर सुरुंग पेरलेले आहेत. दुपारी ते काढण्याचे काम चालू असते. सांजेला वाट मोकळी होते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याच पाच नौकांची नावे येतात. पहिल्यांदा त्यांना पाठवण्याचा हुकूम म्हणून, शेवटी त्यांना परत बोलावण्याचा हुकूम म्हणून. या पाचही नौका मासेमारीच्या. युद्धापूर्वी त्या कॉड आणि हॅडॉक पकडीत होत्या, आता सुरुंग पकडतात. कवितेत एकही माणूस नाव घेऊन येत नाही. नावे आहेत ती नावांना. मराठीत हा श्लेष आयताच मिळतो, आणि वर्गात मी तो दर वर्षी वापरून घेत असे. पोरे हसत, मलाही बरे वाटे.

२००९ च्या जानेवारीत मात्र कोणी हसले नाही. मागच्या बाकावर हर्णैचा एक मुलगा बसत असे. तो बोलत नसे. त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ह्या बोटी ज्यांच्या होत्या त्यांना कोणी विचारलं होतं का? आणि परत मिळाल्या का त्यांना?"

मी त्याला काय उत्तर दिले ते मला शब्दश: आठवते, कारण नंतर ते मला पुष्कळदा आठवत राहिले. मी म्हणालो, "अरे, हा प्रश्न कवितेबाहेरचा आहे. आपण संहितेपाशी राहू." त्या काळी संहितेपाशी राहणे हा आम्हां लोकांचा मोठा सद्गुण समजला जाई. मुलगा खाली बसला. तास संपला.

त्याने तो प्रश्न का विचारला हे मला दोन दिवसांनी शिपायाकडून कळले. २००८ च्या २३ नोव्हेंबरला पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारीची बोट दहा दहशतवाद्यांनी भर समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या चार खलाशांना मारले, तांडेलाला मुंबईपर्यंत बोट हाकायला लावले आणि किनारा दिसू लागल्यावर त्यालाही मारले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण किनारपट्टीवर त्याच्या पुढचेही एक घडले, ते दूरचित्रवाणीवर फारसे आले नाही. समुद्रातली प्रत्येक मासेमारी बोट एकाएकी संशयित झाली. या मुलाच्या काकांची बोट गस्तीच्या नौकेने अडवली होती. कागद पाहिले, मग खण उघडून पाहिला, मग बंदरात परत नेऊन पुन्हा पाहिला. या सगळ्यात बर्फ वितळला आणि आठ दिवसांची मासळी गेली. कोणी वाईट वागले नव्हते, असे तो शिपाईच म्हणाला. तपासणारेही आपले काम करीत होते. पण मासळी गेली ती गेली. आणि त्याच आठवड्यात मी या मुलाला मासेमारीच्या बोटींचे युद्धातले शौर्य ताल धरून वाचून दाखवीत होतो.

मार्चमध्ये परीक्षा झाल्या. मुलगा बी. ए. झाला आणि पुढे शिकायला आला नाही. ही गोष्ट इतकी नेहमीची होती की तिची नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी माझी मुलगी नॉर्विचला शिकायला गेली आणि आम्ही दोघे उभयता तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. नॉर्विचहून लोस्टॉफ्टला पाऊण तासात आगगाडी जाते. ब्रिटनचे हे सर्वांत पूर्वेकडचे गाव. 'द लोस्टॉफ्ट बोट' या नावाचीच किपलिंगची एक कविता त्या पुस्तिकेत आहे, म्हणून मी हट्टाने गेलो. ती कविता 'माइन स्वीपर्स'सारखी गंभीर नाही. हेरिंग पकडण्यासाठी बांधलेल्या होडीला सरकारी कोळसा आणि दोन तोफा देऊन युद्धावर धाडतात, असे ते खलाशांच्या चालीवर रचलेले विनोदी गाणे आहे. तिचा इंजिनवाला अठ्ठावन्न वर्षांचा, भट्टीवाला सतरा वर्षांचा. यात विनोद आहे तो अशा भरतीचा: ज्यांना नौदलाने एरवी दारात उभे केले नसते, तीच माणसे आता नौदल झाली आहेत. १९१७ च्या जूनमध्ये एल्गारने या पुस्तिकेतल्या चार कवितांना चाली लावल्या आणि लंडनच्या कोलिसियम नाट्यगृहात चार गायक कोळ्यांचे कपडे घालून त्या म्हणू लागले. त्या चारांत ही कविताही होती. किपलिंगला हा प्रकार पसंत पडला नव्हता. त्याचा मुलगा जॉन १९१५ च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता, म्हणजे ही पुस्तिका निघण्याच्या दोन-तीन महिने आधी. या कवितांचे वाचन करताना ही तारीख बाजूला ठेवावी की जवळ ठेवावी, याबद्दल माझे मत दर काही वर्षांनी बदलत आले आहे.

लोस्टॉफ्टला हमरस्त्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांना तेथे 'स्कोअर्स' म्हणतात. खाली पूर्वी कोळीवाडा होता. आता तेथे कोळीवाड्यासारखे काही नाही. बंदरात 'मिन्कार्लो' नावाचा १९६१ सालचा एक ट्रॉलर संग्रहालय म्हणून ठेवला आहे; त्याच्यावर मी तासभर होतो आणि ज्या गोष्टी कवितेने मला वीस वर्षांत सांगितल्या नव्हत्या त्या तेथल्या एका निवृत्त खलाशाने दहा मिनिटांत सांगितल्या.

ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळे ओढीत नेणारी बोट. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. बोट पुढे चालली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर सरकतात. पोलादी दोर, तो गुंडाळायला वाफेचे किंवा तेलाचे विंच, आणि कितीही वारा असला तरी तो दोर सांभाळू शकणारी माणसे एवढी तिची सामग्री. १९०७ साली लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड हा दर्यासारंग ग्रिम्झबीच्या बंदरात गेला आणि त्याच्या लक्षात आले की नौदलाला सुरुंग काढण्यासाठी जे हवे ते सर्व या लोकांकडे तयारच आहे. तळावरून दोर ओढणे हाच यांचा धंदा. १९१० साली राखीव नौदलात ट्रॉलरांचा स्वतंत्र विभाग निघाला. युद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, त्यात ऐंशीच्या आसपास बोटी होत्या. युद्ध संपेपर्यंत ट्रॉलर आणि ड्रिफ्टर मिळून सुमारे तीन हजार मासेमारी नौका नौदलाच्या चाकरीत येऊन गेल्या होत्या.

काम असे चाले. दोन ट्रॉलर काही शे यार्डांचे अंतर ठेवून बरोबरीने चालत. दोघांच्या मध्ये पोलादी दोर. तो हव्या त्या खोलीवर राहावा म्हणून त्याला जड लाकडी अवजार बांधलेले असे, त्याला ते पतंग म्हणत. आकाशातला पतंग वर ओढतो, हा खाली ओढीत असे. तळाशी नांगरलेल्या सुरुंगाची साखळी या दोरात अडकली की करवतल्यासारखी तुटे, सुरुंग वर येई आणि रायफलने गोळी घालून तो फोडीत किंवा बुडवीत. यात धोक्याची जागा अशी की दोर मागे असतो आणि बोट पुढे. ओहोटीच्या वेळी पाणी उतरलेले असले की सुरुंगाचा दोराशी संबंध येण्याआधी बोटीच्या तळाशी येई. 'माइन स्वीपर्स'च्या दुसऱ्या कडव्यात ओहोटी सुरू झाल्याचा उल्लेख आहे. मी तो इतकी वर्षे निसर्गवर्णन म्हणून शिकवला होता.

(पुढे एकट्या बोटीला सुरुंग काढता यावेत असे साधन निघाले, त्यात ट्रॉलच्या त्याच फळ्यांचे तत्त्व वापरले होते. ज्या ट्रॉलरवर ते तयार झाले त्याचे 'ओरोपेसा' हे नाव त्या साधनालाच मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धातही ते चालू राहिले. बोटीचे नाव असे टिकल्याचे माझ्या माहितीतले हे एकच उदाहरण.)

ड्रिफ्टरांची गोष्ट निराळी. ड्रिफ्टर जाळे ओढीत नाही. पाण्यात उभे सोडून त्याच्याबरोबर वाहत राहतो, आणि हेरिंग आपण होऊन त्यात अडकते. हीच युक्ती पाणबुडीसाठी वापरावी असे ठरले. इटलीची टाच आणि आल्बेनिया यांच्यामध्ये ओत्रान्तोची सामुद्रधुनी आहे. तिच्यात स्कॉटलंड-इंग्लंडच्या हेरिंग बोटी पोलादी तारेची जाळी सोडून रात्रंदिवस वाहत राहिल्या. त्या जाळ्यांत खरोखर अडकलेली अशी एकच पाणबुडी निश्चित सांगता येते, ऑस्ट्रियाची यू-६, १९१६ च्या मे महिन्यातली. पुढच्या वर्षी १५ मेच्या पहाटे हॉर्टीच्या हाताखालच्या तीन ऑस्ट्रियन क्रूझर या ड्रिफ्टरांवर चालून आल्या. सत्तेचाळीसपैकी चौदा बोटी बुडाल्या, बहात्तर माणसे कैद झाली. क्रूझरांनी जवळ येऊन बोटी सोडून देण्याचा इशारा दिला होता. 'गोवनली' या बोटीचा तांडेल जोसेफ वॅट याने बोट सोडली नाही. एका चिमुकल्या तोफेने त्याने क्रूझरवर मारा सुरू केला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतर तो फ्रेझरबरोला परत गेला आणि मासेमारी करीत राहिला. त्या पहाटेबद्दल बोलणे तो टाळीत असे.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी अधिक नाते लोस्टॉफ्टच्या बोटींचे आहे.

लोस्टॉफ्टहून शिडाच्या मासेमारी नौका जात, त्यांना स्मॅक म्हणत. वाफेच्या बोटी युद्धावर गेल्यावर मासळीचा पुरवठा यांच्यावर राहिला. जर्मन पाणबुड्या पाण्यावर येऊन, माणसांना होडीत उतरवून, स्मॅकवर स्फोटक ठेवून ती बुडवीत. तोफगोळाही खर्च करीत नसत. यावर उपाय म्हणून १९१५ मध्ये काही स्मॅकांवर तोफ लपवून बसवण्यात आली. बाहेरून ती नेहमीची मासेमारी नौका; जाळे पाण्यात, माणसे जुन्या कपड्यांत. पाणबुडी जवळ आली की वरचे आवरण काढायचे. 'इन्व्हरलायन' या स्मॅकने १५ ऑगस्ट १९१५ रोजी अशा रीतीने यूबी-४ ही पाणबुडी बुडवली. बरोबर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९१७ रोजी, 'नेल्सन' ही स्मॅक उत्तर समुद्रात मासे पकडीत असताना तिच्यावर गोळे येऊ लागले. तांडेल टॉमस क्रिस्प याने जाळ्याचा दोर तोडायला लावला आणि तोफ उघडली. पण पाणबुडीच्या तोफेचा पल्ला लांबचा होता आणि ती लांबच राहिली. क्रिस्प प्राणांतिक जखमी झाला. बोटीवर त्याचा मुलगा होता, त्याचेही नाव टॉम. बाप म्हणाला की मला पाण्यात टाका आणि तुम्ही जा. त्यांच्याने ते झाले नाही. बोटीबरोबर तो बुडाला. त्यापूर्वी त्यांनी संदेश बांधून कबुतरे सोडली होती. त्यातले एक पोहोचले आणि होडीतली माणसे सुमारे दोन दिवसांनी सापडली. बरोबरच्या दुसऱ्या सशस्त्र स्मॅकवरची माणसे पाणबुडीवर घेतलेली या लोकांनी पाहिली होती. ती पुढे कोणालाच दिसली नाहीत. डिसेंबरात राजवाड्यात जाऊन मुलाने बापाचा व्हिक्टोरिया क्रॉस आणि स्वत:चे पदक घेतले.

'नेल्सन' हे त्या बोटीचे मूळ नाव नव्हे. शत्रूने ओळखू नये म्हणून या स्मॅकांची नावे वरचेवर बदलीत. बरोबरच्या दुसऱ्या बोटीचेही तेच. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ थांबलो. कवितेत नाव हे नौकेचे सर्वस्व आहे. पाच नावे उच्चारली की पाच नौका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आणि इकडे प्रत्यक्षात नाव हा बुरखा.

पण आता मासेमाराच्या बाजूने पाहा. एखाद्या स्मॅकवर तोफ लपवलेली असते हे एकदा कळल्यावर पाणबुडीचा अधिकारी ज्या स्मॅककडे पाहील ती त्याच्या लेखी मासेमारी नौका उरत नाही. जिच्यावर काही नाही, जी खरोखरच चार पेट्या मासळीसाठी बाहेर पडली आहे, तिलाही तो आता लांबूनच गोळी घालील. हे इंग्रज नौदलाला कळत नव्हते असे नाही. त्यांनी हिशोब केला आणि तो बहुधा चुकीचाही नव्हता, कारण निःशस्त्र स्मॅकही बुडवल्या जातच होत्या. तरी त्या हिशोबात एक बाजू अशा माणसांची होती ज्यांना तो दाखवलेला नव्हता.

याबाबतीत कायद्याचे म्हणणे काय, हे मला कायदा शिकवणाऱ्या एका मित्राने सांगितले. किनाऱ्याजवळ मासे पकडणाऱ्या होड्या युद्धातही पकडू नयेत ही चाल फार जुनी. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीची १४०३ ची आज्ञा तिच्या आरंभी दाखवतात. १८९८ साली स्पेनशी झालेल्या युद्धात अमेरिकेने हवानाच्या 'पाकेते हबाना' आणि 'लोला' या दोन होड्या पकडल्या आणि की वेस्टला लिलावात विकल्या, एक ४९० डॉलरला, दुसरी ८०० डॉलरला. युद्ध चालू आहे हेच त्यावरच्या माणसांना ठाऊक नव्हते. १९०० सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जप्ती बेकायदेशीर. विक्रीचे पैसे भरपाईसह मालकांना द्या. मग १९०७ च्या हेग कराराने ही चाल लेखी केली: फक्त किनारी मासेमारी करणाऱ्या होड्यांना त्यांची अवजारे आणि माल यांसह अभय. त्यांनी लढाईत भाग घेतला की अभय संपले. आणि त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, की या होड्यांच्या निरुपद्रवी रूपाचा फायदा घेऊन त्यांना लष्करी कामासाठी वापरणार नाही असे करार करणारी राष्ट्रे कबूल करतात. उत्तर समुद्रात दूरवर जाणाऱ्या स्मॅकला हे कलम लागू होते की नाही यावर वकील वाद घालू शकतात. मला त्या वाक्याची रचनाच मोलाची वाटली. निरुपद्रवी रूप ही एक मालमत्ता आहे आणि ती मासेमाराची आहे, असे त्यात गृहीत आहे. होडी परत करता येते, तिचे पैसे देता येतात. हे रूप एकदा कोणी उचलून नेले की ते परत कसे करणार? 'कुबेर' ज्यांनी पळवली त्यांनी नेले ते हेच. २६ नोव्हेंबरला कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी रबरी होडीतून उतरणाऱ्या त्या तरुणांना 'कोण तुम्ही?' असे पहिल्यांदा विचारले ते तेथल्या कोळी लोकांनी, आणि नंतर बोटांचे ठसे घेतलेली ओळखपत्रे गळ्यात अडकवून समुद्रावर जाण्याची पाळी आली तीही त्याच लोकांवर. किनाऱ्याचे डोळे आणि कान, असा त्यांचा गौरवही तेव्हापासून भाषणांतून होत असतो.

लोस्टॉफ्टच्या उत्तर टोकाला 'स्पॅरोज नेस्ट' नावाची नगरपालिकेची बाग आहे. १९३९ च्या ऑगस्टअखेरीस नौदलाने ती ताब्यात घेतली तेव्हा तिथल्या नाट्यगृहात विनोदी कार्यक्रम चालू होता. थोड्याच दिवसांत त्याच सभागृहात ठिकठिकाणच्या बंदरांतून आलेले मासेमार जमिनीवर झोपू लागले. दुसऱ्या महायुद्धात गस्त घालणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या ट्रॉलर-ड्रिफ्टरांचे हे मुख्य ठाणे झाले. बाकीचे नौदल यांना 'हॅरी टेटचे आरमार' म्हणे. हॅरी टेट हा रंगभूमीवरचा विनोदी नट, त्याच्या प्रवेशात मोटार सुटी होऊन तिचे भाग खाली पडत. चेष्टेचे नाव या लोकांनी आनंदाने स्वीकारले. पुढे सहा महिने चाकरी केलेल्याला चांदीचा एक बिल्ला मिळू लागला, साधारण शिलिंगएवढा. त्यावर मासेमारीचे जाळे आहे, आणि भोसकलेला शार्क.

बागेशेजारच्या टेकाडावर स्मारक आहे. उंच स्तंभ, वर जहाज, खाली काशाच्या पत्र्यांवर नावे. जवळजवळ २४०० नावे, सगळी ज्यांना समुद्रावाचून थडगे नाही अशांची. मी ती वाचायला लागलो आणि तिसऱ्या पत्र्यापाशी थंडीने थांबलो. त्या नावांत माझ्या ओळखीचे एकही नव्हते, असणेही शक्य नव्हते. तरी मी काहीतरी शोधीत होतो. किपलिंगच्या कवितेतल्या बोटींची नावे वर्गात म्हणताना माझा आवाज जसा होई तसा येथे होईना. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो. त्या किल्ल्याच्या इतिहासात आंग्र्यांची नावे येतात, १७५५ मध्ये तो घेणाऱ्या कमोडोर जेम्सचे येते. गलबते कोणी वल्हवली हे येत नाही. हा मुलगा त्या किनाऱ्यावर वाढलेला.

त्याच्या प्रश्नाची उत्तरे तोपर्यंत मला मिळालेली होती. नाही, ज्यांच्या बोटी होत्या त्यांना सहसा विचारले जात नसे. नौदल भाड्याने घेई, म्हणजे घेई. ग्रिम्झबी-हलचे ट्रॉलर बहुतेक कंपन्यांचे होते, तेव्हा भाडे आणि बुडाल्यास भरपाई कंपनीला मिळे. तांडेल आणि त्याचा दुय्यम हे एरवी मासळीच्या विक्रीत वाटेकरी असत; युद्धात त्यांना ठरलेला पगार. आणि परत मिळाल्या का? पुष्कळ मिळाल्या. 'इन्व्हरलायन' परत मिळाली. तोफ काढून तिला पुन्हा मासेमारीवर धाडले, आणि १ फेब्रुवारी १९१७ रोजी कॉर्नवॉलजवळ यू-५५ ने तिला बुडवले. त्या वेळी तिच्यावर काही लपवलेले नव्हते.

ही उत्तरे घेऊन मी करणार काय होतो? मुलाचा पत्ता माझ्याजवळ नव्हता. मी निवृत्त झालो. शेवटी मागच्या पावसाळ्याअखेर, बंदी उठून बोटी बाहेर पडण्याच्या दिवसांत, एका माजी विद्यार्थिनीकडून त्याचा नंबर मिळाला. मी नाव सांगितले. तो म्हणाला, "सर, ओळखलं. बोला." मागे बर्फ फोडण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. तो आता स्वत:च्या बोटीवर तांडेल आहे.

मी त्याला आठवण करून दिली. त्याला तो तास आठवत होता, स्वत:चा प्रश्न आठवत नव्हता. "तुम्ही नावांवर काहीतरी विनोद करायचात," एवढे त्याच्या लक्षात होते. मग मी, चौदा-पंधरा वर्षांचा साठलेला माणूस, त्याला सगळे सांगत सुटलो. भाडे, भरपाई, स्मॅक, लपवलेली तोफ. मी बोलता बोलता दोन ट्रॉलर आणि मधला दोर यांच्यापाशी आलो तेव्हा त्याने मला थांबवले.

"दोन बोटी, एक दोर?"

"हो. बरोबरीने चालायचे."

"सर, ते बुल ट्रॉलिंग झालं," तो म्हणाला. "आपल्याकडे बंद केलंय ते. २०१७ पासून."

मी हसलो. तो हसला नाही. तो विचार करीत असावा. थोड्या वेळाने त्याने विचारले, "दोर अडकला की मागची ओढ कळते हाताला. पण ह्यांना मासा आहे का सुरुंग, ते कसं कळायचं?"

मी म्हणालो, तो वर येईपर्यंत कळत नसे.

"हां," तो म्हणाला. मग कोणीतरी त्याला हाक मारली. भरती निघून जात होती. आठ दिवसांनी परत आलो की फोन करतो असे सांगून त्याने फोन ठेवला.